सातबारा आहे, फेरफार नाही

माझे वडील तलाठी होते. रविवारीही घरी माणसं यायची, कागदांची पिशवी काखेत. वडिलांचं ठरलेलं वाक्य असायचं, "सातबारा नको, फेरफार दाखवा." आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ते नाव तिथं कसं आलं, खरेदीने, वारसाने की कोर्टाच्या हुकमाने, हे कळायला गाव नमुना सहा उघडावा लागतो. आणि ज्याचं नाव कमी झालं ते खोडत नसत, त्याला कंस करत. शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. जमीन गेली तरी माणूस कंसात का होईना, कागदावर राहायचा.

गेल्या हिवाळ्यात हे सारखं आठवत होतं. मी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, रिजायना या राजधानीपासून तासाभरावरच्या एका गावात राहते. नवरा पोटॅशच्या खाणीत आहे. बाहेर उणे तीस असलं की गावात जायला जागा तीनच: चर्च, आइस हॉकीचं रिंक आणि वाचनालय. वाचनालयात एक अख्खं कपाट 'गावच्या इतिहासा'चं आहे. हा प्रांत १ सप्टेंबर १९०५ ला झाला. १९५५ साली सुवर्णमहोत्सव, १९८० साली पंचाहत्तरी. त्या निमित्ताने गावोगावच्या समित्यांनी जाडजूड पुस्तकं काढली. रेक्झिनचं कव्हर, सोनेरी अक्षरं, आत आडनावांच्या अनुक्रमाने प्रत्येक घराची एक-दोन पानं. पानं त्या घरच्यांनीच लिहिलेली. आजोबा कुठून आले, पहिल्या वर्षी काय पेरलं, मुलं किती, कोण कुणाला दिली. प्रांताच्या अभिलेखागारानेही १९५०च्या दशकात जुन्या वसाहतकारांना प्रश्नावल्या पाठवल्या होत्या: काय खात होतात, घर कसं बांधलंत, शाळा, चर्च, आजारपण, करमणूक.

आता हा सगळा ऐवज संगणकावर येतोय, शाळेतली मुलं प्रकल्पासाठी त्यातूनच उतरवून घेतात, आणि नव्या आवृत्त्यांची तयारी चालू आहे. म्हणून प्रश्न विचारायला हवा: या आठवणी प्रांताचा इतिहास म्हणून जशाच्या तशा, एकट्या, पुढे द्यायच्या का? माझं मत, नाही. एक अक्षरही न बदलता द्याव्यात, पण एकट्या नाही. सोबत फेरफार जोडून.

आधी हे सांगते की ही पुस्तकं मला मनापासून आवडतात. साहित्य म्हणून त्यांना कुणी विचारणार नाही, पण गवताळ मातीच्या घराबद्दल मला जे कळलं ते याच पानांतून. झाड नाही, दगड नाही, म्हणून नांगराने मुळांसकट मातीच्या पट्ट्या कापायच्या, विटांसारख्या तोडायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून रचायच्या. उन्हाळ्यात आत गार, थंडीत उबदार. पण एक दिवस पाऊस पडला की घर पुढचे दोन दिवस आत गळायचं. चुलीवरच्या पातेल्यात चिखल पडू नये म्हणून छताखाली कापड ताणून बांधायचं. किंडर्सलीजवळ अ‍ॅडिसन कुटुंबाचं असं एक घर, १९०९ ते १९११ मध्ये बांधलेलं, आजही उभं आहे. बर्फाच्या वादळात गोठ्यापर्यंत जाताना चुकू नये म्हणून घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधत. गोफर नावाच्या, बिळात राहणाऱ्या खारी पिकाची नासाडी करत, तेव्हा मुलं त्यांच्या शेपट्या गोळा करून सरकारकडून पैसे घेत. आणि बायका. शेजारचं घर दोन-तीन मैलांवर, नवरा रेल्वेच्या कामावर गेलेला, आणि कळा सुरू. हे वाचताना 'कष्टाळू पूर्वज' वगैरे शब्द आपोआप गळून पडतात आणि एक घाबरलेली बावीस वर्षांची बाई समोर बसते.

एवढी माणसं इथं आली कशी, तर १८७२च्या कायद्याने. दहा डॉलर फी भरा, १६० एकर घ्या. तीन वर्षांत काही जमीन फोडा, घर बांधा, वर्षाचे सहा महिने राहा, की पट्टा तुमच्या नावावर. ओटावाच्या केंद्र सरकारातले मंत्री क्लिफर्ड सिफ्टन यांनी १८९६ नंतर युरोपभर याची जाहिरात केली. आजच्या सस्कॅचेवानच्या हद्दीत १९०१ साली ९१,२७९ माणसं होती, १९११ साली ४,९२,४३२. दहा वर्षांत पाचपटीहून जास्त. बाईला मात्र ही जमीन नाही, ती कुटुंबप्रमुख विधवा वगैरे असेल तरच. जॉर्जिना बिनी-क्लार्क ही इंग्रज लेखिका १९०५ साली फोर्ट क्वापेलजवळ पैसे मोजून शेत घेती झाली, कारण शेजारच्या अठरा वर्षांच्या पोराला जे जवळपास फुकट मिळत होतं ते तिला मिळणार नव्हतं. तिने ओटावापर्यंत भांडण नेलं. कायदा हलला नाही.

तर पानं अशी. आणि शंभरातली नव्वद पानं एकाच ठिकाणी सुरू होतात: आगगाडीतून उतरल्यावर. 'आजोबा आले तेव्हा इथं काहीच नव्हतं.' वडील असते तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, काहीच नव्हतं म्हणजे कुणाच्या नावावर नव्हतं?

फेरफार शोधायला फार लांब जावं लागत नाही. फरचा व्यापार करणारी इंग्रजांची हडसन्स बे कंपनी १६७०च्या राजसनदेच्या जोरावर हा सगळा मुलूख आपला म्हणत होती. १८६९-७० मध्ये तिने तो कॅनडाला तीन लाख पौंडांना दिला. (कंपनीने मुलूख दुसऱ्याच्या हवाली करायचा, हे वाचून मराठी माणसाला फार धक्का बसू नये.) वर सर्व्हे झाल्यावर प्रत्येक ३६ चौकटींच्या (एक चौकट म्हणजे एक चौरस मैल) गटातली आठवी चौकट आणि सव्विसावीचा बराचसा भाग कंपनीने स्वतःकडे ठेवला. पुढे १५ सप्टेंबर १८७४ ला क्वापेलच्या तळ्यांकाठी क्री आणि सोटो या इथल्या मूळ रहिवाशांशी सरकारचा जमिनीबाबतचा चौथा करार झाला. त्या बोलण्यांत पास्क्वा या प्रमुखाने कंपनीच्या माणसाकडे बोट दाखवून म्हटलं की, तूच मला सांगितलंस जमीन तीन लाख पौंडांना विकली, तर ते पैसे आम्हाला हवेत. ही हरकत तोंडी ऐकीव नाही. करार करणारे गव्हर्नर मॉरिस यांनी स्वतः १८८० साली छापलेल्या वृत्तांतात ती आहे. म्हणजे फेरफाराच्या वेळी हरकत नोंदवली गेली, आणि नोंद तरीही मंजूर झाली.

करारात राखीव जमीन ठरली ती पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. माणशी १२८. बाहेरून आलेल्या एकट्या पोराला १६०. शिवाय राखीव जमीन सरकारच्या ताब्यात, विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. बरं, मग क्री माणसाने दहा डॉलर भरून १६० एकर का घेऊ नये? कारण १८७६च्या इंडियन अ‍ॅक्टने (इथं इंडियन म्हणजे मूळ रहिवासी, आपण नव्हे) त्याला ती बंदीच घातली. 'फुकट जमीन सर्वांना' या जाहिरातीत सर्वांना या शब्दाला कंस होता तो असा.

आता यावर नेहमीचं उत्तर येतं की, ती माणसं शिकारी, शेतीत त्यांना रस नव्हता. हे उत्तर मी मराठीतही ऐकलंय, टोरांटोच्या एका गणपतीत, मोदक खाता खाता. इतिहासकार सेरा कार्टर यांनी सरकारी कागद चाळून याची पार चिरफाड केली आहे. १८८०च्या दशकात राखीव जमिनींवरच्या शेतकऱ्यांनी पैसे एकत्र करून कापणीची, पेंढ्या बांधायची यंत्रं घेतली होती. आजूबाजूच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या की ही स्पर्धा बरोबर नाही. मग १८८९ पासून कमिशनर हेटर रीड यांनी नियम काढला: इंडियनांनी हाताने पेरावं, विळ्याने कापावं, हाताच्या जात्यावर दळावं. शेजारच्या शेतात यंत्र धडधडतंय आणि यांच्या हातात विळा. धान्य किंवा जनावर विकायला सरकारी एजंटचा परवाना. १८८५च्या मेटींच्या (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांच्या) उठावानंतर राखीव हद्दीबाहेर पाऊल टाकायलाही पास, आणि या पासाला कायद्यात कसलाच आधार नव्हता. मग 'रस नव्हता' म्हणायला मोकळे.

आमच्या शेजारी एक युक्रेनियन आजी राहतात, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. माझ्या पुरणपोळीच्या बदल्यात त्यांचे पिरोगी, असा आमचा व्यवहार. त्यांच्याकडे गावच्या पुस्तकाची जुनी प्रत आहे. त्यांच्या घराचं पान त्यांच्या सासूने लिहिलेलं. एकदा त्यांनी ते उघडून ओट्यावर ठेवलं, पीठ लागलेल्या बोटाने एक ओळ दाखवली. दर शरद ऋतूत काही इंडियन कुटुंबं गाड्या घेऊन शेताच्या कडेला उतरायची, सासू त्यांना अंडी द्यायची, त्या बायका बेरी द्यायच्या, एकदा त्यांच्यातल्या एका म्हातारीने आजारी बाळाला कसला तरी काढा दिला आणि बाळ वाचलं. पुढची ओळ: नंतर ते यायचे बंद झाले.

बस. त्याखाली नव्या धान्यकोठाराची हकीकत.

आजींना मी विचारलं, का बंद झाले? त्या म्हणाल्या, "हे मी कधी विचारलंच नाही." वाचलेलं बाळ त्यांचा नवरा होता.

कारण पास असेल, राखीव जमिनीचा तुकडा सरकारने सोडायला लावला असेल, मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळेत नेली असतील. मला त्या पानातली जागा महत्त्वाची वाटते. या आठवणी खोट्या नाहीत. उलट त्या इतक्या प्रामाणिक आहेत की कंस करायची जागा त्या स्वतःच दाखवतात. रिजायना गावाचंच बघा. तिथल्या नाल्याला क्री लोक म्हणत ते हाडांच्या ढिगाचं ठिकाण. १८८२ साली राणी व्हिक्टोरियाच्या सन्मानार्थ नाव बदललं; रिजायना म्हणजे लॅटिनमध्ये राणी. वसाहतकारांच्या जुन्या आठवणींत माळावरची रानरेड्यांची हाडं वेचून रेल्वेवर विकल्याचे किस्से येतात, पहिल्या हंगामाची रोकड म्हणून. रेडे कुठे गेले आणि त्यांच्यावर जगणारी माणसं उपाशी कशी पडली, हे त्याच पैशाच्या पाठीमागे लिहिलेलं आहे. पानं उलटायची नाहीत असं ठरवलं तरच दिसत नाही.

"म्हणजे त्या गरीब बिचाऱ्या माणसांना आता चोर ठरवायचं?" हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो आजींच्या घरात बसून घेतला जातो. गॅलिशियातून (तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यातला, आजच्या युक्रेन-पोलंडमधला मुलूख) आलेल्या शेतकऱ्याने इंडियन अ‍ॅक्ट लिहिला नव्हता, त्याला तो वाचताही आला नसता. शिवाय सरकारने त्यालाही सोडलं नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाची प्रजा म्हणून कॅनडाने ८,५७९ माणसांना छावण्यांत डांबलं, त्यांत बहुतेक युक्रेनियन. आणखी सुमारे ८०,००० जणांना पोलिसांत हजेरी लावावी लागे. १९१७ साली त्यांतल्या अनेकांचा मताचा हक्क काढून घेतला. आता गंमत अशी की गावच्या पुस्तकांतल्या युक्रेनियन पानांवर हेही नाही! १९१४ ते १९२० या काळात पीक चांगलं आलं एवढंच. म्हणजे शेजाऱ्याला कंस केला तशी त्यांनी आपल्या अपमानाचीही ओळ वगळली. समितीने महोत्सवासाठी पान मागितलं होतं. महोत्सवात रडगाणं कोण गाणार?

आणि डुखोबोर हा ख्रिस्ती पंथ. १८९९ साली रशियातून साडेसात हजारांच्या आसपास आले, लष्करात जाणार नाही म्हणणारे. त्यांच्या प्रवासाला टॉलस्टॉयने एका कादंबरीचं मानधन दिलं. पुरुष रेल्वेच्या मजुरीवर गेले, बैल पुरेनात, तेव्हा बायकांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. जोड्याजोड्यांनी नांगर ओढणाऱ्या त्या बायकांचा फोटो आजही अनेक पाठ्यपुस्तकांत असतो, मेहनतीचं चित्र म्हणून. पुढचं कमी सांगतात. ही माणसं जमीन सामाईक कसत आणि राजनिष्ठेची शपथ घ्यायला तयार नव्हती. १९०७ साली सरकारने त्यांचे बहुतेक पट्टे रद्द केले, फोडलेली जमीन नव्याने आलेल्यांना वाटली. हजारो जण ब्रिटिश कोलंबियाला निघून गेले. म्हणजे खांद्यावर जू घेऊन फोडलेल्या त्या मातीच्या सातबाऱ्यावर आज तिसऱ्याच कुणाची तरी आठवण सुरू होते, 'आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं' म्हणून.

हे सगळं आपोआप विसरलं जातं असं समजू नये. काही वेळा कात्री असते. मारिया कॅम्पबेल या मेटी लेखिकेचं 'हाफब्रीड' हे आत्मकथन १९७३ साली आलं. १८८५ नंतर जमीन गमावलेले मेटी सरकारी रस्त्यासाठी सोडलेल्या पट्ट्यांवर झोपड्या घालून राहिले, त्यांच्यातली ही मुलगी. दलित आत्मकथनांनी आपल्याकडे गावच्या गोष्टीचं जे केलं, तेच या पुस्तकाने माळरानाच्या गोष्टीचं केलं. पण हस्तलिखितात एक प्रसंग होता: ती चौदा वर्षांची असताना पोलिसांतल्या माणसाने तिच्यावर केलेला बलात्कार. प्रकाशकाने तो भाग काढला. २०१८ साली संशोधकांना प्रकाशकाच्या जुन्या कागदांत ती पानं सापडली आणि २०१९च्या आवृत्तीत ती परत आली. सेहेचाळीस वर्षं. वसाहतकाराच्या आठवणीत जागा कोरी राहते आणि तिच्या आठवणीत कोरी केली जाते, हा फरक ज्याला दिसत नाही त्याने 'दोन्ही बाजू' हा शब्द वापरू नये.

चिनी माणसांचं पानच नसतं. माळरानावरच्या जवळपास प्रत्येक गावात एक चिनी खाणावळ होती. मी वाचलेल्या पुस्तकांत तिचा मालक दुसऱ्यांच्या आठवणींत येतो, बहुतेकदा फक्त 'चार्ली' म्हणून, नाताळात पोरांना गोळ्या वाटणारा. त्याला बायको का आणता येत नव्हती? १९०३ पासून प्रवेशाची डोईपट्टी पाचशे डॉलर होती म्हणून. त्याच्याकडे गोरी वाढपीण का नव्हती? १९१२च्या प्रांतिक कायद्याने मनाई होती म्हणून. मूस जॉ गावच्या क्वॉन्ग विंगने त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत दाद मागितली. तो कॅनडाचा नागरिक होता, तरी १९१४ साली हरला.

मग करायचं काय? पुस्तकांत दुरुस्त्या नकोत, जुन्या पानांवर माफीनाम्याचे शिक्के तर मुळीच नकोत. ते करमणुकीचं काम आहे. पण प्रत्येक पट्ट्याचा चौकट-क्रमांक माहीत आहे. पट्ट्यांच्या फायली प्रांताच्या अभिलेखागारात आहेत, त्यांत किती एकर फोडली, घराची किंमत काय, जनावरं किती, हे शपथेवर लिहिलेलं आहे. करारांचे मसुदे छापील आहेत. राखीव जमिनी कधी आणि कशा कमी झाल्या याचे ठराव आहेत. गावच्या पुस्तकाची डिजिटल प्रत काढताना घराच्या पानाशेजारी हे कागद लावायला तंत्रज्ञान लागत नाही, इच्छा लागते. त्याच परिसरातल्या क्री, सोटो, मेटी घरांना पान द्या, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या सुरुवातीपासून. या प्रांताने २००७ साली शाळांत करारांचं शिक्षण सक्तीचं केलं, चांगलं केलं. पण शाळेतलं पुस्तक आणि आजीच्या कपाटातलं पुस्तक एकमेकांशी बोलत नसतील, तर पोरगं परीक्षेत एक लिहितं आणि घरी दुसरं मानतं.

यात आपला काय संबंध, असं मला मराठी मंडळींत विचारतात. आपणही लिहायला लागलोय ना! मंडळांच्या स्मरणिका उघडा. दोन बॅगा, खिशात थोडे डॉलर, विमानतळावरची पहिली थंडी, पहिली नोकरी, पहिलं घर. आगगाडीच्या जागी विमान, बाकी साचा तोच. 'आलो तेव्हा काहीच नव्हतं' याचं आपलं रूप म्हणजे 'आलो तेव्हा भेंडीसुद्धा मिळत नव्हती'. शिक्षण, कामाचा अनुभव यांना गुण देऊन माणसं निवडणाऱ्या १९६७च्या गुणपद्धतीमुळे आपल्याला दार उघडलं. त्याआधी १९०८चा सलग प्रवासाचा नियम होता, म्हणजे मायदेशातून वाटेत न थांबता आलेल्यालाच प्रवेश; १९१४ साली 'कोमागाटा मारू' ही बोट हिंदुस्थानातल्या ३७६ प्रवाशांसह व्हँकूवरच्या बंदरात दोन महिने अडकली होती, हे आपल्या पानावर कुठे असतं? आपली हुशारी असते, पगार असतो, पोराचं ग्रॅज्युएशन असतं.

शिवाय आपल्याला एक सवलत उरलेली नाही. डुखोबोरांनी शपथ नाकारली म्हणून त्यांची जमीन गेली. आपण शपथ घेतो. आणि जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या त्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूळ रहिवासी लोकांचे मूळचे आणि करारातले हक्क मान्य असल्याचं वाक्य आहे. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाच्या ९४ शिफारशींतली ती शेवटची. माझ्या नवऱ्याने आणि मी २०२२ साली ती घेतली, संगणकाच्या पडद्यासमोर उजवा हात वर करून, खाली पायजमा आणि वर कोट. त्या क्षणी १८७४च्या कागदावर आमचाही अंगठा उमटला. आपण नंतर आलो, आपला काय दोष, असं म्हणायची सोय त्या वाक्याने संपवली.

आमच्या गावची नवी आवृत्ती निघते आहे. समितीने या वेळी नव्या घरांनाही पान द्यायचं ठरवलंय. फॉर्म आला: कुटुंबाचं नाव, मूळ देश, आगमनाचं वर्ष, पाचशे शब्द, एक फोटो. नवऱ्याने आगमनाच्या रकान्यात २०१३ लिहून टाकलं. मी त्याच्यावर बारीक अक्षरात १८७४ लिहिलं आणि त्याला गोल केला, वडील करायचे तसा.

आठवड्याने समितीच्या बाईंचा फोन आला. दोन वर्षं दिसतायत, यातलं कोणतं छापू? मी म्हटलं, दोन्ही छापा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण रकाना एकच आहे."